घरच्या वाफ्यातली बडीशेप: ऑक्टोबरच्या पेरणीपासून मार्चच्या कापणीपर्यंत

बडीशेपेचे यश निम्म्याहून अधिक पेरणीच्या तारखेवर ठरते. खत थोडे कमी पडले किंवा एखादे पाणी उशिरा मिळाले तरी झाड निभावून नेते. पण डिसेंबरात पेरलेली बडीशेप मार्चअखेरच्या उन्हात फुलावर येते, फुले करपतात आणि हाती पोकळ दाणे लागतात. देशातली बहुतेक बडीशेप गुजरात आणि राजस्थानात पिकते, गुजरातमधल्या उंझ्याची बाजारपेठ तिच्यासाठी आणि जिऱ्यासाठी ओळखली जाते. तिकडची थंडी लांब चालते. आपल्याकडे ती फेब्रुवारीतच ओसरू लागते, म्हणून तिकडचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले की महाराष्ट्रात पीक फसते.

पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरा. कोजागरीपासून दिवाळीपर्यंतचा हा काळ. विदर्भात ऑक्टोबरचा उत्तरार्ध बरा, कारण तिथे मार्चचे ऊन लवकर चढते आणि उशीर परवडत नाही. कोकण-गोव्यात परतीचा पाऊस पूर्ण थांबल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात. तिथल्या दमट उबदार हवेत पाला झकास येतो, दाणा मात्र घाटमाथ्यापेक्षा कमीच भरतो. पाल्यासाठी लावणार असाल तर काही बिघडत नाही, मुखवासाची बरणी भरायची असेल तर अपेक्षा बेताची ठेवा.

काय हवे ते आधी ठरवा

पाला, मुखवासाची हिरवी बडीशेप, मसाल्याची जाड बडीशेप आणि भाजीचा गड्डा, अशा चार गोष्टी या झाडापासून मिळतात. पहिल्या तीन एकाच झाडावर, वेगवेगळ्या वेळी. गड्डा मात्र वेगळ्या वाणाचा असतो. मोठ्या शहरांत परदेशी भाज्यांच्या टोपलीत जो पांढरा, जाड पापुद्र्यांचा कांद्यासारखा गड्डा दिसतो तो ‘फ्लोरेन्स’ गटातल्या बडीशेपेचा. डब्यातली बडीशेप पेरून बुंध्याला मातीची कितीही भर घातली तरी तसा गड्डा धरत नाही. त्याचे बी वेगळे पाकीट घेऊनच आणावे लागते. त्याच्याबद्दल पुढे वेगळे सांगितले आहे.

बियाण्यासाठी गुजरात-राजस्थानच्या शिफारस केलेल्या वाणांपैकी मिळेल ते चालेल. मेहसाणा जिल्ह्यातल्या जगुदण केंद्राचा ‘गुजरात फेनेल ११’ रब्बीसाठी आहे. राजस्थानातल्या जोबनेरचा ‘आरएफ १२५’ लवकर तयार होतो, त्यामुळे आखूड थंडीला सोयीचा. अजमेरजवळच्या तबीजी इथल्या बियाणे-मसाला संशोधन केंद्राचेही वाण आहेत. कृषी सेवा केंद्रात यांपैकी काही मिळाले नाही तर किराणा दुकानातली जाड, फिकट हिरवी-पिवळसर, न भाजलेली बडीशेप घ्या. बारीक, हिरवीगार ‘लखनवी’ घेऊ नका: ती कोवळेपणीच तोडलेली असते, आतला अंकुर पक्व झालेला नसतो. भाजलेली आणि साखर लावलेली तर उगवणारच नाही. आणखी एक: पुडी ‘बाळंतशेप’ची नाही ना ते पाहा. ती शेपूची. तिचा दाणा चपटा, कडेला पातळ फिकट पापुद्रा असलेला. बडीशेपेचा दाणा लांबट, फुगीर आणि उभ्या कंगोऱ्यांचा.

किराणा दुकानातले बी असो वा पाकिटातले, पेरण्याआधी उगवण तपासा. वीस दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, कापड सुकू देऊ नका. दहा-बारा दिवसांत बारा-चौदा दाण्यांना कोंब आले तर बी चांगले. सहा-सातच आले तर दुप्पट पेरण्यापेक्षा बी बदला, कारण म्हाताऱ्या बियाची रोपेही अशक्त निघतात. दोन वर्षांहून जुने बी शक्यतो टाळा.

जमीन आणि वाफा

बडीशेपेचे मूळ सोटमूळ आहे, सरळ खाली जाते. तिला खोल, भुसभुशीत, पाणी न साचणारी जमीन हवी. मध्यम काळी जमीन उत्तम. भारी काळ्या मातीत सपाट वाफ्याऐवजी वीत-अर्धा फूट उंचीचा गादीवाफा करा, नाहीतर पाणी तुंबून मुळे कुजतात. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते. तिथे पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी चौरस मीटरला मूठभर भिजवलेला चुना मिसळा. लाकडाची चाळलेली राखही चालेल. गाजर, कोथिंबीर, शेपू किंवा ओवा नुकताच काढलेल्या वाफ्यात बडीशेप लावू नका. सगळी एकाच कुळातली, त्यामुळे मातीतले रोग आणि मावा आयतेच मिळतात.

हिशेबासाठी चार फूट रुंद, आठ फूट लांब वाफा धरू. फूटभर खोल खणून ढेकळे फोडा आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दहा-बारा किलो मिसळा. सोबत निंबोळी पेंड ३०० ग्रॅम. ताजे शेण घालू नका: त्याने हुमणी (मुळे खाणारी पांढरी अळी) येते आणि सोटमुळाला फाटे फुटतात. एवढ्या वाफ्यात दोन फुटांवर दोन ओळी आणि ओळीत फुटाफुटावर झाड, अशी सोळा झाडे बसतात. पेरताना ही जागा रिकामी रिकामी वाटते आणि मोह होतो तो दाट पेरण्याचा. बडीशेप पाच-सहा फूट वाढते. दाट झाली की खालच्या पानांत हवा खेळत नाही, करपा येतो, खोडे बारीक राहून लोळतात. मधली जागा वाया जाऊ द्यायची नसेल तर ओळींच्या मध्ये मेथी किंवा मुळा टाका. बडीशेप पहिले दीड महिने संथ वाढते, तोवर या भाज्या निघून जातात.

कुंडीत लावायची तर खोली बघा, रुंदी नंतर. किमान १५ इंच खोल आणि तेवढीच रुंद ग्रो-बॅग एका झाडाला, फार तर दोन झाडांना पुरते. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड. उथळ ट्रेमध्ये झाड येते, पण फूटभराचे होऊन लवकर फुलते, दाणे मोजके येतात. पाल्यासाठी मात्र आठ इंच खोलीही चालते. रोज सहा तास ऊन नसलेल्या बाल्कनीत दाण्याचा नाद सोडून पालाच घ्यावा.

पेरणी

एका ग्रॅममध्ये दीडशे-दोनशे दाणे असतात. सोळा झाडांसाठी एक ग्रॅम बी भरपूर झाले. दाणे तळहातांमध्ये हलके चोळा. बाजारातला अख्खा दाणा म्हणजे दोन जोडलेली फळे असतात, ती सुटी होतात. मग रात्रभर, आठ ते बारा तास, साध्या पाण्यात भिजवा, पाणी निथळून सावलीत फडक्यावर कोरडे करा. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर असेल तर चिमूटभर चोळा. सुरुवातीची रोपांची मर त्याने बरीच आटोक्यात राहते.

वाफा आदल्या दिवशी भिजवून वाफशावर आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की प्रत्येक जागी तीन-चार दाणे एक ते दीड सेंटिमीटर खोल टाका. त्याहून खोल गेले की कोंब वर येईपर्यंत दमतो. वरून मातीऐवजी चाळलेले कंपोस्ट टाका. काळी माती सुकली की तिची पापडी धरते आणि कोवळा अंकुर ती फोडू शकत नाही. ‘बी उगवलेच नाही’ या तक्रारीचे निम्मे कारण हेच असते. झारीने पाणी द्या, पाइपाच्या धारेने दाणे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात.

उगवायला आठ ते चौदा दिवस. ऑक्टोबर हीट जोरात असेल तर आणखी दोन-चार. या काळात माती वरून सुकू देऊ नका, दुपारी पातळ गोणपाट टाका आणि पहिला कोंब दिसताच काढा. सुरुवातीची दोन पाने लांब, अरुंद, गवतासारखी असतात. नवशिके हौशी माळी खुरपणीत तीच उपटतात. पेरलेल्या जागी काडी रोवून ठेवली तर घोळ होत नाही. मऊ, केसासारखी चिरलेली खरी पाने त्यानंतर येतात आणि चुरगळली की लगेच ओळखीचा गोडसर वास येतो.

रोपे तयार करून लावावी का? गुजरातेत खरीपाची बडीशेप रोपवाटिकेत वाढवून पुनर्लागवड करतात, त्यामुळे ती होतच नाही असे नाही. पण घरच्या वाफ्यात थेट पेरणीच बरी. लावायचीच झाली तर कागदी कपात किंवा खोल प्रोट्रेमध्ये (रोपांच्या खणांच्या ट्रेमध्ये) करा, चार-पाच पानांवर असताना मातीच्या गोळ्यासकट संध्याकाळी लावा. सोटमूळ वाकले किंवा तुटले तर झाड महिनाभर बसून राहते आणि आपल्या थंडीला तो महिना परवडत नाही.

विरळणी, पाणी, भर

पेरणीनंतर तीन आठवड्यांनी, रोपे बोटभर झाली की जागी एकच जोमदार रोप ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजाऱ्याचे मूळ हलत नाही. कापलेली रोपे कोशिंबिरीत किंवा आमटीत टाकायला छान.

पहिला महिना दोन-तीन दिवसांआड हलके पाणी. नंतर वाफ्याला थंडीत आठ ते दहा दिवसांनी पुरते, हलक्या जमिनीत पाच-सहा दिवसांनी. बोट दोन पेरे मातीत घालून पाहा, कोरडे लागले तर द्या. कुंडीला फुलोऱ्यापर्यंत एक दिवसाआड, पुढे रोज. दोन अवस्थांत ताण अजिबात नको: फुले येताना आणि दाणा भरताना. नेमके याच वेळी, जानेवारी-फेब्रुवारीत, झाड मोठे झाले म्हणून लोक पाण्याकडे दुर्लक्ष करतात.

दीड महिन्यानंतर खुरपणी करून बुंध्याला चार-पाच इंच मातीची भर द्या आणि त्याच वेळी प्रत्येक झाडाला ओंजळभर गांडूळखत. दुसरा हप्ता फुलोऱ्याच्या आधी. युरिया टाळाच. नत्र जास्त झाले की पाला माजतो, खोड लुसलुशीत राहून वाऱ्याला आडवे होते आणि मावा अशाच झाडावर आधी बसतो. झाड तीन फुटांचे झाले की बांबूला सुतळीने सैल बांधा. ओळीच्या दोन टोकांना काठ्या रोवून दोन उंचीवर सुतळी ओढली तर प्रत्येक झाडाला वेगळी काठी लागत नाही.

पाला तोडायचा तर बाहेरची जुनी पाने, एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त नाही. फुलोऱ्याचा दांडा दिसू लागल्यावर दाण्यासाठी राखलेल्या झाडाचा पाला तोडणे थांबवा.

फुलोरा, मधमाश्या आणि पोकळ दाणे

साधारण नव्वद ते एकशे दहा दिवसांत पिवळ्या फुलांच्या छत्र्या उमलतात. आधी मधल्या मुख्य दांड्यावरची, मग फांद्यांवरच्या. बडीशेपेच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एकाच फुलात आपोआप परागीभवन सहसा होत नाही. ते काम मधमाश्यांचे: सातेरी, फुलोरी, आग्या. उघड्या परसात त्या आपण होऊन येतात. कबुतरांसाठी जाळी लावलेल्या उंच मजल्यावरच्या बाल्कनीत कधी कधी येतच नाहीत, आणि मग छत्र्या भरगच्च पण दाणे फोल. उपाय सोपा आहे. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान मऊ ब्रश आधी नुकत्या उमललेल्या छत्रीवर फिरवा, मग दोन-चार दिवस जुन्या छत्रीवर. हे आठवडाभर एक दिवसाआड करा. किमान दोन झाडे असावीत.

फुलोऱ्यात कोणतीही फवारणी दिवसा करायची नाही. निंबोळीचीसुद्धा नाही.

काय बिघडते

सर्वांत मोठा शत्रू मावा. जानेवारीअखेर ढगाळ हवा आली की चार दिवसांत छत्र्यांच्या देठांवर हिरवट किड्यांचा थर चढतो. तो रस शोषतो, शिवाय गोड चिकट स्राव सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढून दाणे काळे पडतात, आणि मुंग्या खोडावर ये-जा करू लागतात. खरे तर मुंग्या हीच पहिली सूचना, मावा दिसण्याआधी त्या दिसतात. सुरुवात असेल तर सकाळी पाण्याची जोरदार फवार मारून धुऊन काढा, फार माखलेली छत्री कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि १ मिलि सौम्य द्रव साबण एकत्र फेटून संध्याकाळी फवारा, सात दिवसांनी पुन्हा. तेल वेगळे तरंगताना दिसले तर तसेच मारू नका, पाने भाजतात. लाल ठिपकेदार ढालकिडे आणि त्यांच्या काळपट, लांबट अळ्या दिसल्या तर फवारणी आवरा, त्या दिवसाला ढीगभर मावा खातात. अळी म्हणून त्यांनाच चिरडण्याची चूक सर्रास होते.

भुरी फेब्रुवारीत येते: पाने-देठांवर पांढरी पावडर. पहिले ठिपके दिसताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावे. पारा ३५ अंशांच्या वर असताना गंधक मारले तर पाने करपतात. दाणा धरल्यावर मात्र काहीच फवारू नये, कारण हा दाणा आपण न धुता, कच्चा चावतो. करपा खालच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांनी सुरू होऊन वर चढतो. दाटी आणि संध्याकाळी पानांवरून दिलेले पाणी ही त्याची कारणे. खालची पाने काढा, पाणी बुंध्याशी आणि सकाळी द्या. कोवळी रोपे बुडाशी काळी पडून कोलमडत असतील तर पाणी जास्त झाले आहे, औषधाआधी पाणी तोडा.

फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळी पावसाला उपाय एकच: अंदाज आला की भरत आलेल्या छत्र्या एक दिवस आधी कापून घरात आणणे. भिजलेला दाणा काळवंडतो आणि वास गमावतो.

कापणी

झाडावरच्या सगळ्या छत्र्या एकदम तयार होत नाहीत. एकदाच सगळे कापले तर निम्मा माल कच्चा आणि निम्मा गळून गेलेला निघतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन ते पाच तोडे घ्यावे लागतात, आणि प्रत्येक छत्री कोणत्या कामासाठी हवी त्यावर तिची वेळ ठरते.

मुखवासासाठी: फुलल्यानंतर तीस ते चाळीस दिवसांनी, दाणा पूर्ण लांबीच्या निम्मा, हिरवागार आणि चावल्यावर रसाळ गोड असताना. वजन कमी भरते, चव याचीच श्रेष्ठ. मसाल्यासाठी: दाणा पूर्ण लांबीचा, फुगीर, हिरवा पण पिवळटपणाकडे झुकू लागलेला. पुढच्या वर्षीच्या बियासाठी: मुख्य छत्री झाडावरच पूर्ण पिवळी होऊ द्या, त्या छत्रीवर दोरा बांधून ठेवा म्हणजे घरातल्या कुणी तोडणार नाही.

सकाळी दव उडाल्यावर कात्रीने बोटभर देठासकट कापा. वाळवणे नेहमी सावलीत. कडक उन्हात हिरवा रंग उडतो आणि सुगंधी तेलही. हवेशीर खोलीत जाळीवर किंवा सुती कापडावर एकाच थरात पसरा, रोज हलवा. आठ-दहा दिवस लागतात. थर जाड झाला तर मधल्या छत्र्या घामेजून बुरशी येते. दाणा दातांखाली वाकला तर अजून ओल आहे, कट्कन तुटला तर झाला. मग हाताने चोळून दाणे सोडवा आणि सुपाने पाखडा. काड्या-कचरा पाखडताना अगदी बारीक, हलके दाणेही उडतात, ते जाऊ द्या.

उत्पन्नाची कल्पना असावी: शेतात हेक्टरी दीड ते दोन टन म्हणजे चौरस मीटरला दीडशे-दोनशे ग्रॅम. आपल्या सोळा झाडांच्या वाफ्यातून नीट साधले तर अर्धा किलोच्या आसपास. कुंडीतल्या झाडाचे वीस-तीस ग्रॅम मिळाले तरी चांगले. पैसे वाचवण्यासाठी कुणी बडीशेप लावू नये. मुखवासाची कोवळी, ताजी बडीशेप दुकानात क्वचितच मिळते, लावायचे कारण तेच.

गड्ड्याची बडीशेप

पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरअखेर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत. ओळींत दीड फूट, झाडांत नऊ-दहा इंच. इथे पुनर्लागवड अजिबात नको आणि पाण्याचा खंडही नको. मुळाला धक्का, कोरडा ताण, दाटी किंवा उष्णता यांपैकी काहीही झाले की झाड गड्डा सोडून दांडा काढते. दांडा निघाला की गड्डा धाग्यासारखा चिवट होतो, त्याला परत फिरवता येत नाही. अशी झाडे पाल्यासाठी ठेवा.

पानांचे बुंधे फुगून लिंबाएवढे झाले की अर्ध्यापर्यंत मातीची भर द्या. त्याने गड्डा पांढरा आणि कोवळा राहतो. भर थेट शेंड्यात पडली तर मधला कोंब कुजतो. मुठीएवढा झाला, पेरणीपासून साधारण ऐंशी ते शंभर दिवसांत, की मोठा होण्याची वाट न पाहता जमिनीलगत सुरीने कापा. मूळ जमिनीतच ठेवले तर बुडातून छोटे फुटवे येतात, ते भाजीला चालतात.

कापणीनंतर

दाणे काढून झाल्यावर झाड चार-पाच इंचांवर छाटले, पाणी दिले आणि दुपारची सावली केली तर नवा पाला फुटतो, कारण बडीशेप मुळात बहुवर्षायू आहे. पण आपल्या जून-जुलैच्या पावसात बुंधे बहुधा कुजतात, आणि तगलेल्या झाडाचे दुसऱ्या वर्षीचे दाणे कमी आणि बारीक येतात. दाण्यासाठी दरवर्षी नवे पेरलेले बरे. दाणे पूर्ण थंड आणि कोरडे झाल्यावर काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बियाचे दाणे कागदी पाकिटात, तारीख आणि वाणाचे नाव लिहून, वेगळे ठेवा. ते बी वर्षभरातच वापरा.